सूर्य भाऊ, पाणी बहीण

ज्या वस्तूचे मोल द्यावे लागत नाही, तिच्याविषयी माणसाचे काही कर्तव्य उरते काय? प्रश्न जुना आहे. ऊन, वारा, पाऊस ही परमेश्वराची देणी आपण पिढ्यान्पिढ्या विनामूल्य घेत आलो. त्यांच्याबद्दल आभार मानले की आपले काम संपले, अशीच आपली समजूत होती. परंतु अलीकडे याच उन्हावर आणि वाऱ्यावर यंत्रे चालू लागली आहेत. डिझेल आणि कोळसा यांची जागा सूर्याने व वाऱ्याने घ्यावी, असे शासन म्हणते, शास्त्रज्ञ म्हणतात आणि ख्रिस्तसभाही म्हणते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात हा विषय श्रद्धावंतांच्या सदसद्विवेकापुढे स्पष्टपणे मांडला. हा पालट व्हावा की न होऊ नये, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तो झाल्यानंतर आपण कसे वागणार, एवढाच आमचा प्रश्न आहे. तो आज बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या बांधावर येऊन ठेपला आहे. म्हणून तेथे जाऊनच त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आपल्यापैकी जी कुटुंबे किनारपट्टीवर राहतात त्यांना डिझेलची सत्ता वेगळी सांगायला नको. डिझेल महागले की होडी किनाऱ्यालाच राहते. बेटावरील माणसाला तर डिझेल म्हणजे रात्रीचा दिवा. मुंबईच्या बंदरासमोर असलेल्या घारापुरीवर जगप्रसिद्ध लेणी आहेत; पण शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तेथील तीन वस्त्यांना २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळचे मोजके तास जनित्रावरच काढावे लागत होते. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची वाहिनी टाकली, तेव्हा कुठे तेथे अखंड वीज आली. लक्षद्वीपची बेटे दीर्घकाळ मुख्य भूमीवरून जहाजाने येणाऱ्या डिझेलवरच उजळत आली. अशा ठिकाणी मर्यादा डोळ्यांना दिसते. पिंप रिकामे झाले की दिवा विझणार, हे लहान मुलालाही ठाऊक असते. तेथे काटकसर हा सद्गुण असो वा नसो, पिंपाचा तळ ती शिकवतोच.

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, बालाघाटाच्या डोंगररांगा जिल्ह्याचे दोन भाग करतात आणि पाटोद्याच्या बाजूला मांजरा उगम पावते. तरीही पाण्याच्या बाबतीत हा जिल्हा एखाद्या बेटासारखाच एकाकी आहे. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. त्यानंतरही २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८ या वर्षांनी तीच कहाणी पुन्हा सांगितली. दसरा-दिवाळी झाली की येथील हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, असा तेथील हिशेब आहे. गावात म्हातारी माणसे आणि कुलुपे राहतात. या स्थलांतराच्या मुळाशी अनेक कारणे असली तरी शेताला पाणी नसणे हे त्यांतील मोठे कारण होय.

या जिल्ह्यात वीज आणि पाणी यांची गाठ फार पूर्वीच पडलेली आहे. परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र दगडी कोळशावर चालते. पण कोळशाइतकीच त्याला पाण्याचीही गरज असते. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. राज्याला उजेड देणाऱ्या भूमीला पाण्यावाचून आपली भट्टी विझवावी लागली. सौर विजेला असे पाणी लागत नाही. पॅनेल पुसण्यापुरते पाणी पुरते. एवढ्या एका कारणासाठीही दुष्काळी प्रदेशाने सूर्याचे स्वागत करावे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने तर या स्वागताला आणखी भक्कम कारणे आहेत. मोट गेली आणि डिझेलचे इंजिन आले तेव्हा बैलांचे कष्ट वाचले. पण प्रत्येक तासाला पैसे मोजणे सुरू झाले. कॅन घेऊन पंपावर जायचे, उधारी करायची, हँडल मारून इंजिन चालू करायचे आणि त्याच्या धुरात उभे राहून पाणी द्यायचे. एक लिटर डिझेल जळले की अडीच किलोहून अधिक कर्बवायू हवेत मिसळतो, हा हिशेब शेतकऱ्याला कोणी सांगितला नव्हता. त्याला खिशाचा हिशेब पुरेसा होता. पुढे विजेची मोटार आली. पण शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीने मिळते. कडाक्याच्या थंडीत, विंचू-सापाच्या भीतीत, हातात विजेरी घेऊन बारे द्यायला जाणारा शेतकरी आणि घरी जागी असलेली त्याची कारभारीण, हे चित्र मराठवाड्यात कोणालाही परके नाही. डीपी जळाली की आठवडा-आठवडा वाट पाहणे आलेच.

सौर पंपाने या जाचातून सुटका होते. ऊन असेल तेव्हा पंप चालतो आणि रात्री माणूस झोपतो. केंद्र शासनाने २०१९ मध्ये ‘पीएम-कुसुम’ योजना सुरू केली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या नावाने योजना जाहीर केली. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे, बाकीचा भार शासनाने उचलायचा; अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाच अश्वशक्तीचा आणि त्याहून अधिक जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप द्यायचा, अशी तिची रचना आहे. ज्याने आजवर रात्र आणि रक्कम दोन्ही खर्च केले त्याला दिवसाचे पाणी मिळणे, यात न्याय आहे. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या आम्हांला खचितच नाही.

मग प्रश्न कोठे उरतो? तो जमिनीखाली उरतो.

डिझेलचा एक कठोर गुण होता. ते प्रत्येक तासाला शेतकऱ्याच्या कानात सांगत असे की, आता पुरे. भिजले तेवढे भिजले, इंजिन बंद कर, पैसे जळत आहेत. हे धनकोचे शहाणपण होते, त्याला सद्गुण म्हणता येणार नाही. पण विहिरीला त्याचा आधार होता. सूर्य काहीच सांगत नाही. एकदा पॅनेल उभे राहिले की दहाव्या तासाचे पाणीही पहिल्या तासाइतकेच विनामूल्य असते. वाफ्याचे पाणी बांधावरून ओसंडले तरी कोणाचे काही जात नाही, असे वाटू लागते.

जाते ते शेजाऱ्याचे. बीडची भूमी काळ्या पाषाणाची आहे. या खडकाच्या वरच्या, झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये पावसाचे पाणी मुरून राहते. खालचा अखंड कातळ फारसे पाणी धरीत नाही. म्हणजे जमिनीखाली अथांग सरोवर नसून दर पावसाळ्यात थोडेफार भरणारी एक उथळ कोठी आहे, आणि ती शेजारच्या अनेक विहिरींमध्ये सामाईक आहे. सात-बारा उताऱ्यावर विहीर ज्याच्या नावे असेल त्याची. परंतु तिच्यातील पाणी कोणत्याही उताऱ्याच्या रेघा पाळीत नाही. एकाने दिवसभर उपसा केला की दुसऱ्याच्या विहिरीची पातळी उतरते. दुसरा मग बोअर मारतो, तिसरा त्याहून खोल जातो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची उथळ विहीर सर्वांत आधी कोरडी पडते. पंजाबात १९९७ पासून शेतीची वीज मोफत झाली. आज तेथील बहुसंख्य विभागांत भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा अधिक आहे. मोफत ऊर्जेने पाण्याचे काय होते, हे पाहायला भविष्याची वाट पाहण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. ज्या माणसाने पिढ्यान्पिढ्या तहान सोसली, ज्याने दुसऱ्याचा ऊस तोडण्यात जन्म घालवला, त्याच्या हाती पहिल्यांदा पाणी आले असताना त्याला संयमाचा उपदेश करायचा काय? शहरातील माणूस नळ उघडा ठेवून दात घासतो, साखर कारखान्याचा ऊस बारमाही पाणी पितो, आणि आत्मसंयम मात्र तीन एकरवाल्या शेतकऱ्याने शिकायचा? अशा उपदेशात दांभिकपणा असतो आणि आपल्या धर्मात दांभिकांविषयी काय म्हटले आहे ते आपण जाणतोच.

परंतु आक्षेप खरा असला तरी त्याचा निष्कर्ष खरा नाही. मर्यादा नसली तर पाणी गरिबाला मिळते, हे गृहीतकच चुकीचे आहे. मर्यादा नसली तर पाणी ज्याची बोअर खोल त्याला मिळते. म्हणून ‘पुरे’ हा शब्द गरिबाला गप्प बसवण्यासाठी नाही, त्याच्या विहिरीच्या रक्षणासाठी आहे. आणि तो प्रथम ज्याच्याजवळ अधिक आहे त्याने उच्चारला पाहिजे. तीन एकरवाल्याने ठिबक बसवावे असे म्हणायचे असेल, तर त्याच गावात तीस एकर ऊस उभा असता कामा नये.

वाऱ्याच्या बाबतीत बीडने याहून दाहक अनुभव घेतला आहे. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या आणि त्यांच्याबरोबर जमिनीचे व्यवहार, कंत्राटे, रस्ते आणि पैसा आला. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणाशी या हत्येचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आपल्या आरोपपत्रात मांडले आणि खटला न्यायालयापुढे गेला. दोषी कोण हे ठरवणे न्यायासनाचे काम आहे. आम्ही त्यात शिरत नाही. परंतु एवढे म्हणणे भाग आहे की, वारा कोणाच्याही मालकीचा नसतो म्हणून तो आपोआप सर्वांचा होत नाही. त्याच्यातून निघणाऱ्या लाभाची वाटणी गावाने मोकळेपणी, चार माणसांदेखत ठरवली नाही, तर ती दांडगाईने ठरते. स्वच्छ ऊर्जा माणसांचे व्यवहार स्वच्छ करील, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे आहे.

तेव्हा विनामूल्य देणगीला दोन धोके आहेत. तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही म्हणून ती उधळली जाते. आणि तिचा धनी कोणी नाही म्हणून ती बळकावली जाते. जुन्या करारातील निर्गमाच्या ग्रंथात हे दोन्ही धोके ओळखलेले दिसतात. अरण्यात इस्राएल लोकांसाठी मान्ना पडे. त्याचे मोल नव्हते. पण नियम होता. प्रत्येकाने आपल्या कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे गोळा करायचा. ज्यांनी उद्यासाठी साठवून ठेवला त्यांच्या मान्न्याला कीड लागली आणि दुर्गंधी सुटली. जास्त वेचणाऱ्याजवळ मापाअंती उरले नाही आणि कमी वेचणाऱ्याला उणे पडले नाही. देणगी आणि तिचे माप दोन्ही एकाच हातून मिळाली होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजच्या भाकरीपुरतेच मागतो, हे त्याच परंपरेचे स्मरण होय.

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२५ च्या सुमारास, डोळ्यांच्या दुखण्याने प्रकाशही सोसवत नसताना, आपले प्रसिद्ध सूर्यगीत रचले. त्या गीतात सूर्याला त्यांनी भाऊ म्हटले, वाऱ्यालाही भाऊ म्हटले आणि पाण्याला बहीण म्हटले. आठशे वर्षांपूर्वीचे हे नाते आज बीडच्या शेतात अक्षरशः समोरासमोर आले आहे. पॅनेलवर भाऊ आहे आणि विहिरीत बहीण. भावाच्या बळावर बहिणीचा शेवटचा दागिनाही काढून घ्यायचा, असे आपल्या कोणत्याही घरात घडले तर आपण त्याला काय म्हणू? आपल्याकडे भाऊबीजेची चाल आहे. भावाने बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, ही समज मराठी घराला नवी नाही. सूर्याच्या बळावर पाणी उपसणाऱ्याने त्याच बळावर पाणी मुरवण्याचेही ऋण मानले पाहिजे.

‘पुरे’ कोणी म्हणायचे, हा आता खरा प्रश्न. कायदा काही प्रमाणात म्हणतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. ‘पीएम-कुसुम’च्या नियमांतही, जेथे भूजलाचा अतिउपसा झाला आहे तेथे नवा सौर पंप द्यायचा नाही, जुना डिझेल पंप बदलायचा असेल तर ठिबक वा तुषार सिंचनाच्या अटीवर बदलायचा, असे म्हटले आहे. नियम चांगले आहेत. परंतु मराठवाड्यात हजार फुटांपर्यंत बोअर गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. साहेबाच्या कागदावरील मर्यादा रात्री चालणाऱ्या बोअरच्या गाडीला अडवू शकत नाही. ते काम शेजारीच करू शकतात.

आणि शेजाऱ्यांनी ते केल्याची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर या हिशेबाने द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा ठेवायचा आणि ऊस लावायचा नाही, हे त्यातील दंडक होते. मान्न्याचे माप सह्याद्रीच्या पायथ्याशी आले, असेच म्हणावे लागेल. बीडच्या शेजारी, अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा निर्णय केला आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याचा प्रघात पाडला. त्याच जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट क्षेत्र विकासासाठी आयुष्य वेचले. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’चे ते एक संस्थापक. त्यांच्या कार्यात गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग बाहेरची मदत घ्यायची, असा क्रम असे. पाणी अडवण्याआधी गावाचे मन एकत्र आणावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

सौर पंपाच्या बाबतीत गुजरातने एक विचार करण्याजोगा मार्ग दाखवला आहे. खेडा जिल्ह्यातील धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापून २०१६ पासून आपल्या सौर पंपांची शिल्लक वीज वीजकंपनीला विकण्यास आरंभ केला. पाणी उपसले नाही तर त्या तासाची वीज वाया न जाता तिचे पैसे होतात. त्यामुळे संयमालाही काही मोल मिळते. पूर्वी डिझेलने जे काम खर्चाच्या भीतीने केले तेच येथे कमाईच्या आशेने होते. बीडसारख्या, ऊन भरपूर आणि पाणी थोडे असलेल्या जिल्ह्याला ही वाट अधिक शोभेल, असे आम्हांस वाटते. पाण्याऐवजी ऊन पिकवता आले तर कदाचित काही कोयते घरीच राहतील. मात्र तेथेही ज्याच्याजवळ जमीन नाही त्या मजुराचा वाटा कोणता, हे साळुंख्यांनी विचारलेले कोडे सोडवावेच लागेल.

बीड शहराजवळ निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली खजाना विहीर आहे. तिचे पाणी कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या आधाराने पाटाने शेतांपर्यंत जात आले. तिचा उतार देईल तेवढेच पाणी शेताला मिळे. आपल्याला पुन्हा सोळाव्या शतकात जायचे नाही. परंतु ती बांधणाऱ्यांनी पाणी आणण्याची आणि त्याचे माप राखण्याची अशा दोन्ही युक्त्या एकाच बांधकामात बसवल्या, एवढे आपण लक्षात ठेवावे.

हा प्रश्न बीडचा आहे, आपला नाही, असे कोणी म्हणू नये. वसईच्या विहिरींचे गोडे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले तेव्हा याच प्रश्नाने आपल्या धर्मग्रामांची झोप उडवली होती, आणि हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह आपली कुटुंबे रस्त्यावर उतरली होती. विहीर आपली म्हणून पाणीही आपले, असे म्हणणारे त्या वेळी आपल्यातही होते. आज आपल्या घरांच्या आणि मंदिरांच्या छपरांवर सौर पॅनेल येत आहेत आणि विजेचे बिल उतरते आहे, हे आनंदाचेच आहे. त्या वाचलेल्या पैशाने आणखी एक वातानुकूलन यंत्र घ्यावे, की गावच्या विहिरीचा गाळ काढावा, हा निर्णय मात्र कोणतेही सौर पॅनेल आपल्यासाठी घेणार नाही.

डिझेल संपत आले की माणूस आपोआप थांबे. सूर्य संपणार नाही. म्हणून यापुढे कधी थांबायचे ते आपणच शेजाऱ्याला विचारून ठरवावे लागेल. बीडच्या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न आला आहे तो आपल्याआधी, एवढाच फरक.